गावाला जाताय? कुंड्यांना पाणी देणारा टायमर घेण्याआधी हे तपासा

मे महिन्याच्या सुट्टीत आठ-दहा दिवस घराला कुलूप लागतं आणि प्रश्न उरतो तो बाल्कनीतल्या, गच्चीवरच्या कुंड्यांचा. नळाला बसवायचा टायमर हा त्यावरचा सोपा उपाय. मात्र टायमर पाणी आणत नाही, फक्त ठरलेल्या वेळी व्हॉल्व्ह उघडतो आणि बंद करतो. त्या वेळी पाइपात पाणी आणि पुरेसा दाब नसेल, तर परतल्यावर वाळलेली रोपंच दिसतील.

कोणता टायमर घ्यावा?
टाकीतल्या पाण्याची पातळी नळापेक्षा 10 मीटर उंच असेल, तर सुमारे 1 बार दाब मिळतो. गच्चीवर हे अंतर अनेकदा जेमतेम 2 मीटर असतं, म्हणजे दाब फक्त 0.2 बार. सोलेनॉइड प्रकारच्या टायमरना बहुधा याहून जास्त दाब लागतो. तो नसेल तर ते नीट उघडत नाहीत किंवा पूर्ण बंद होत नाहीत. अशा ठिकाणी कमी दाबावर चालणारा बॉल व्हॉल्व्हचा टायमर घ्या. महापालिकेचं पाणी ठरावीक वेळीच येत असेल, तर टायमर थेट नळाला न लावता टाकीच्या लाइनला जोडा.

किती पाणी लागेल?
समजा 20 कुंड्या आहेत आणि प्रत्येकीला तासाला 2 लिटरचा ड्रिपर आहे. रोज 15 मिनिटं पाणी सोडलं तर कुंडीमागे अर्धा लिटर, एकूण 10 लिटर. दहा दिवसांचे 100 लिटर. कमी दाबात ड्रिपरमधून पाणी कमी पडतं. त्यामुळे ड्रिपरखाली मापाचं भांडं ठेवून मोजा आणि त्यानुसार वेळ वाढवा.

व्हॉल्व्ह उघडाच राहिला तर?
खरा धोका हाच. हे 20 ड्रिपर दिवसभर सुरू राहिले तर 960 लिटर पाणी जाईल. 1000 लिटरची टाकी जवळपास रिकामी! म्हणून शक्य असल्यास 200 लिटरचा झाकणाचा ड्रम स्टँडवर ठेवून टायमर त्याला जोडा. बिघाड झालाच तरी नुकसान 200 लिटरपुरतं राहील.

निघण्याआधी काय कराल?
- टायमरमध्ये नवे सेल घाला.
- ड्रिपर तुंबू नयेत म्हणून टायमरआधी गाळणी बसवा.
- कुंड्या सावलीत हलवा, मातीवर पालापाचोळा पसरा.
- किमान तीन दिवस आधी टायमर लावून चाचणी घ्या.
- शेजाऱ्यांना मुख्य कॉक दाखवून ठेवा.