अधू दृष्टी आणि हिरवळीचे यंत्र

लखनौ हे बागांचे शहर आहे, आणि तेथील वस्त्यांची नावेच त्याची साक्ष देतात. चारबाग, आलमबाग, कैसरबाग, सिकंदरबाग अशी नावे उच्चारल्याखेरीज त्या शहरात एक दिवसही जात नाही. मराठी माणसाला कैसरबाग परिचित आहे ती पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्यामुळे. १९२६ साली त्यांच्या प्रयत्नांनी लखनौला निघालेले संगीत विद्यालय आज त्यांच्याच नावाने, विद्यापीठ म्हणून ओळखले जाते. सिकंदरबाग ही नबाब वाजिद अली शाह यांची बाग. तिच्या परिसरातील वनस्पति-उद्यान १९५३ साली वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेकडे आले आणि १९७८ पासून ते राष्ट्रीय वनस्पति संशोधन संस्था या नावाने कार्य करीत आहे. अशा शहरात घरापुढे हिरवळीचा एक तुकडा राखावा, असे निवृत्त माणसाला वाटले तर त्यात नवल नाही.

नबाबी बागांत पाट, कारंजी, फळझाडे आणि फुलांचे ताटवे यांना मान होता. कातरलेल्या गवताचा सपाट पट्टा हा बंगल्याच्या अंगणात आला तो इंग्रजांबरोबर. परंतु त्या पट्ट्यातील गवत मात्र अस्सल देशी आहे. लखनौचे लोक जिला दूब म्हणतात, ती महाराष्ट्रातील हरळी, आणि गणपतीला वाहतात ती दूर्वाही तीच. ही चिवट वनस्पती जमिनीवर धावणाऱ्या व जमिनीखाली पसरणाऱ्या अशा दोन्ही प्रकारच्या देठांनी वाढते. तिला जितके कातरावे तितकी ती दाट होते. म्हणूनच हिरवळ राखणे म्हणजे मुख्यतः ती वेळच्या वेळी कापणे होय.

येथेच एका विशिष्ट माणसाची अडचण सुरू होते. वर्षानुवर्षे स्वतःच्या हातांनी हिरवळ कापीत आलेल्या गृहस्थाची दृष्टी साठीनंतर मंदावते. प्रथम वर्तमानपत्र दुसऱ्याकडून वाचून घ्यावे लागते, मग स्कूटर सुटते, आणि एके दिवशी घरातील मंडळी गवत कापण्याचे यंत्र कोठीत ठेवून त्याला कुलूप घालतात. त्यांच्या हेतूत प्रेमच असते, आणि त्यांची भीतीही निराधार नसते. तथापि एकेक काम हातातून काढून घेतले गेले म्हणजे मनुष्य केवळ अंधूक पाहणारा राहत नाही, तो परावलंबी होतो. म्हणून प्रश्न असा विचारावयास हवा की, कोणते यंत्र व कोणती पद्धत स्वीकारली असता हे काम त्याच्या हाती सुरक्षितपणे ठेवता येईल?

त्यासाठी कमी दिसणे म्हणजे काय, हे आधी नीट समजून घेतले पाहिजे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या कायद्यात अल्पदृष्टीची व्याख्या दिली आहे. उत्तम चष्मा लावूनही चांगल्या डोळ्याची दृष्टी ६/१८ हून कमी व ३/६० पर्यंत असेल, किंवा दृष्टीचे क्षेत्र ४० अंशांहून कमी व १० अंशांपर्यंत असेल, तर ती अल्पदृष्टी. ६/१८ याचा अर्थ असा की, निरोगी डोळ्याला जे १८ मीटरांवरून ओळखता येते ते या व्यक्तीला ६ मीटरांवर आल्यावर ओळखू येते. परंतु आकडे सारखे असले तरी अडचणी सारख्या नसतात. काचबिंदूच्या रोग्याला समोरचे दिसते आणि बाजूचे दिसत नाही, त्यामुळे कडेने धावत आलेले मूल त्याच्या ध्यानात येत नाही. पीतबिंदू झिजलेल्याला कडा दिसतात, पण नेमका पायापुढचा दगड दिसत नाही. मोतीबिंदू असलेल्याचे डोळे उन्हाने दिपतात. यंत्र आणि वेळ यांची निवड करताना या भेदांकडे दुर्लक्ष करून चालत नाही.

गवत कापण्याचे यंत्र प्रथम निर्माण झाले ते इंग्लंडमधील ग्लॉस्टरशायर परगण्यात. एडविन बडिंग नावाच्या यंत्रज्ञाने १८३० साली त्याचे पेटंट घेतले. लोकरी कापडावरील लव कातरणारे गिरणीतील यंत्र पाहून त्याला ही कल्पना सुचली होती. जे कापडावरची लव कातरते ते जमिनीवरची लव का कातरणार नाही, असा तो साधा विचार होता. खेड्यापाड्यांतील प्रतिष्ठित गृहस्थांनी हे यंत्र स्वतः चालविल्यास त्यांना करमणूक होईल आणि व्यायामही घडेल, असा आशय त्याने पेटंटातच नमूद केला होता. जवळजवळ दोन शतकांनंतरही ते खरे आहे.

बडिंगच्या यंत्राचे तत्त्व आजच्या हातमोवरमध्ये जसेच्या तसे टिकून आहे. एका आडव्या दांड्याभोवती पिळाच्या आकारात पाच-सहा पाती बसविलेली असतात. चाके फिरली की ही पाती फिरतात आणि खालच्या एका स्थिर पात्यावर गवत दाबून कात्रीप्रमाणे कापतात. अधू दृष्टीच्या माणसाच्या दृष्टीने या रचनेत तीन मोठे गुण आहेत. पहिला गुण असा की, त्याची शक्ती चालणाऱ्याच्या पायांतूनच येते. माणूस थांबला की क्षणार्धात पातीही थांबतात. दुसरा असा की, खडा मध्ये आलाच तर यंत्र अडकते, खडा गोळीसारखा उडत नाही. तिसरा गुण सर्वांत महत्त्वाचा आहे. या यंत्राला आवाज असतो, पण तो कानावर आक्रमण करीत नाही. गवत नीट कापले जात असता एक सलग, कुरकुरीत खसखस ऐकू येते. पाते रिकामे फिरत असेल तर नुसती घरघर येते. कोठे गवत राहिले आणि कोठे कापून झाले, हे त्या आवाजावरून सरावाने ओळखता येते.

याउलट इंजिनाची वा विजेची फिरती यंत्रे निराळ्या तत्त्वावर चालतात. त्यांत एकच पाते पंख्यासारखे आडवे फिरते आणि केवळ वेगाच्या जोरावर गवत छाटते. समजा, पाते ४६ सेंटिमीटर लांब आहे आणि मिनिटाला ३,००० फेरे घेत आहे. गणित केले असता त्याच्या टोकाचा वेग सेकंदाला सुमारे ७२ मीटर, म्हणजे ताशी २६० किलोमीटर भरतो. या वेगाने खडा, खिळा किंवा तारेचा तुकडा उडाला तर त्याचे काय होईल, हे निराळे सांगावयास नको. चांगल्या डोळ्यांचा माणूस तो खडा आधी पाहून उचलतो, अधू दृष्टीच्या माणसाला तो दिसेलच अशी खात्री नसते.

पेट्रोलवर चालणारे यंत्र अशा व्यक्तीने टाळावे, हे उत्तम. इंजिनाच्या गोंगाटात मुलाची हाक, कुत्र्याची चाहूल, फाटकाची कडी यांपैकी काहीच ऐकू येत नाही. ज्याची दृष्टी कमी आहे त्याचे कान हेच दुसरे डोळे असतात, आणि ते झाकून काम करणे म्हणजे दोन्ही डोळे मिटून काम करणे होय. शिवाय इंधन ओतणे आणि तापलेल्या नळकांड्याजवळ हात नेणे हे धोके वेगळेच. तारेने जोडलेले विजेचे यंत्र शांत असते, पण तेथे तारेचा धोका असतो. ओल्या गवतात पडलेली तार पात्याखाली येणे ही डोळस माणसाकडूनही होणारी चूक आहे. तेच यंत्र वापरणे भाग असेल तर तार भडक नारिंगी असावी आणि गळती होताच वीज तोडणारे ३० मिलिॲंपिअरचे संरक्षक साधन जोडणीत असलेच पाहिजे. कापणीस प्रारंभ जोडणीच्या जागेपासून करून क्रमाने दूर जावे, म्हणजे तार नेहमी कापून झालेल्या भागावर राहते.

हिरवळ मोठी असेल किंवा ढकलण्याइतकी ताकद उरली नसेल, तर बॅटरीवर चालणारे यंत्र ही दुसऱ्या क्रमांकाची निवड होय. त्याला तार नसते आणि आवाज बेताचा असतो. मात्र ते घेताना दोन गोष्टी पडताळून पाहाव्यात. ते सुरू करण्यास दोन वेगवेगळ्या कृती लागाव्यात, म्हणजे चुकून हात लागल्याने ते सुरू होणार नाही. आणि मुठीवरची दांडी सोडताच पाते आपोआप थांबावे. अमेरिकेत १९८२ पासून असा नियम आहे की, मागून चालत ढकलावयाच्या यांत्रिक मोवरची मूठ सोडल्यापासून ३ सेकंदांच्या आत पाते पूर्ण थांबले पाहिजे. भारतातील ग्राहकानेही दुकानात हीच कसोटी लावावी. विक्रेत्याला यंत्र मोकळ्या जागी चालवून मूठ सोडावयास सांगावी आणि कान देऊन सेकंद मोजावेत. अशा यंत्राला किल्ली असते. पात्याजवळ हात नेण्यापूर्वी ती काढून खिशात टाकण्याची सवय जडली पाहिजे, कारण शांत यंत्राचे पाते थांबले की नाही हे अंधूक डोळ्यांना सांगता येत नाही.

हवेच्या गादीवर तरंगणारी यंत्रे कोणत्याही दिशेला सरकतात, म्हणून ती येथे योग्य नव्हेत. दोरा फिरवून गवत छाटणारी दांडी तर या कामी मुळीच घेऊ नये, कारण तिचे टोक उघडे असते आणि ते कोठे आहे हे केवळ डोळ्यांनीच कळते. स्वयंचलित यंत्रांचा उल्लेख मात्र करावयास हवा. १९९५ साली स्वीडनच्या हुस्क्वार्ना कंपनीने सूर्यप्रकाशावर चालणारे असे यंत्र बाजारात आणले, आणि पुढे या जातीचा बराच विकास झाला. ज्याला केवळ कापलेली हिरवळ हवी आहे त्याला ते उपयोगी पडेल, पण ज्याला काम हवे आहे त्याची गरज त्याने भागत नाही.

हातमोवरची परीक्षा दुकानात डोळे मिटून करावी. मूठ कोपरापेक्षा किंचित खाली येते काय? यंत्र एकट्याने उचलता येते काय? उंची बदलण्याची कळ खटक्यांनी सरकते काय? खटके असतील तर ते मोजून उंची ठरविता येते, खुणेची रेघ पाहावी लागत नाही. पात्यांच्या दोन्ही बाजू झाकलेल्या असाव्यात. धार पाहण्याची रीतही स्पर्शाची आहे. कागदाची एक पट्टी पात्यांमध्ये धरून, बोटे पुरेशी दूर ठेवून, चाक किंचित फिरवावे. कागद सर्व लांबीवर स्वच्छ कापला गेला म्हणजे यंत्र ठीक आहे. एक सूचना मात्र कधीही विसरू नये. या यंत्रालाही दात आहेत. एक पाते ढकलले की बाकीची पाती फिरतात, म्हणून अडकलेले गवत बोटांनी न काढता काठीने काढावे.

यंत्राइतकेच महत्त्व जमिनीला आहे. कापण्यापूर्वी दाताळे घेऊन सारी हिरवळ एकदा विंचरावी. खडे, फांद्या, विसरलेले खेळणे हे दाताळ्याला लागते आणि हाताला कळते. पाण्याची नळी गुंडाळून ठेवावी. झाडांची आळी बुजवून सपाट करावीत, अथवा त्यांच्याभोवती ठळक कड घालावी. हिरवळीच्या चारी बाजूंना विटांची एक पट्टी जमिनीच्या पातळीत बसविली की चाक विटेवर चढताच आवाज पालटतो आणि कड आली हे कळते. लखनौच्या जुन्या इमारती ज्या पातळ लखौरी विटांनी बांधलेल्या आहेत, त्यांच्यासारख्या विटा या कामी शोभूनही दिसतील. मुठीवर आणि यंत्राच्या पुढच्या कडेवर पिवळी चिकटपट्टी लावावी, कारण हिरव्यावर हिरवा रंग अधू डोळ्यांना दिसत नाही.

सरळ रेषेत कापण्यासाठी दोन खुंट्यांना ताणून बांधलेली पांढरी सुतळी पुरते. तिच्या कडेने एक फेरी झाली की खुंट्या यंत्राच्या रुंदीपेक्षा थोड्या कमी अंतराने सरकवाव्यात, म्हणजे मध्ये पट्टा राहत नाही. ज्याला सुतळीही दिसत नाही त्याने हिरवळीच्या एका टोकाला लहानसा रेडिओ लावून ठेवावा आणि त्या आवाजाच्या रोखाने चालावे. हातमोवरच्या खसखशीत तो सहज ऐकू येतो, आणि दिशा दाखविता दाखविता तो बातम्याही सांगतो. पायांत बंद, जाड बूट असावेत. यंत्र नेहमी पुढे ढकलावे, स्वतःकडे ओढू नये. घरात मुले असतील तर काम सुरू होत असल्याचे मोठ्याने सांगावे आणि फाटक लावून घ्यावे.

वेळेचाही विचार हवा. पावसाळ्यात लखनौची दूब झपाट्याने वाढते. आठवड्यातून एकदा, प्रसंगी दोनदा, थोडी थोडी कापली तर हातमोवर हलका चालतो, महिनाभर वाढू दिली तर तो अडतो. एका वेळी उंचीच्या तिसऱ्या हिश्शाहून अधिक कापू नये, हा गवताच्या हिताचा नियम चालविणाऱ्याच्याही हिताचा आहे. ओले गवत निसरडे असते, म्हणून दव वाळल्यावर पण ऊन चढण्यापूर्वी, किंवा सूर्य कलल्यावर पण उजेड असताना काम करावे. दिपणाऱ्या डोळ्यांना मध्यान्ह वर्ज्य आहे. पौष-माघातील धुक्यात कापण्याचा प्रश्नच उद्भवत नाही, कारण थंडीत ही दूब जवळजवळ झोपी गेलेली असते.

एवढे सर्व करूनही धोका शून्य होतो, असे नाही. ज्या दिवशी डोळ्यांत औषध घातले आहे, चक्कर येत आहे किंवा दृष्टीत अचानक फरक जाणवत आहे, त्या दिवशी यंत्राला हात न लावता डॉक्टरांना गाठणेच शहाणपणाचे. पण शून्य धोका हे कुटुंबाचेही ध्येय असू नये. अल्पदृष्टीच्या माणसाच्या हातून काम काढून घेणे सोपे असते, काम त्याच्या हाताला जुळेल असे करणे किंचित कठीण. त्याला लागतो एक साधा हातमोवर, विटांची एक कड, सुतळीचा एक तुकडा आणि घरच्यांची थोडी सबुरी. कोठीचे कुलूप काढण्यापूर्वी जी चर्चा व्हावयाची ती याच गोष्टींची व्हावी. आणि संध्याकाळी अंगणातून ती सलग खसखस ऐकू आली म्हणजे घरातल्यांनी समजावे की, सारे ठीक चालले आहे.