काचेत पाडलेली कणी

सांगलीहून चेन्नईजवळच्या सिरुसेरीला आलेल्या आईने इंडक्शनवरचा कुकर पाहिला आणि म्हणाली, "अगं, काच आहे ती! तडकेल." इथल्या सिपकॉट आयटी पार्कात नोकरी करणारी मी पदवीला पदार्थविज्ञान शिकलेली. आईला सांगायला विषयच मिळाला.

खिडकीच्या काचेची मीटरभर पट्टी शंभर अंशांनी तापवली तर जवळजवळ 0.9 मिलिमीटर वाढते. एकाच जागी तापली तर तेवढाच भाग पसरू बघतो, बाजूचा थंड भाग हलत नाही, आणि काच तडकते. चांगल्या शेगडीवरची काळी काच मात्र जवळजवळ पसरतच नाही (स्वस्त शेगड्यांवर कधी साधी टफन्ड काचही असते). कारण तिच्यात स्फटिक मुद्दाम वाढवलेले असतात. त्यांतले बरेचसे तापल्यावर किंचित आकसतात, उरलेली काच पसरते, आणि हिशेब शून्याजवळ येतो.

ही लिथियम, ॲल्युमिनियम आणि सिलिकॉनच्या ऑक्साइडांची काच. वितळवतानाच तिच्यात थोडं टायटॅनियम आणि झिर्कोनियमचं ऑक्साइड घालतात. तिची लादी करून झाली की पुन्हा भट्टीत. आधी 700 ते 800 अंशांच्या आसपास थांबायचं. इथे त्या दोन ऑक्साइडांचे अतिसूक्ष्म कण सगळीकडे वेगळे होतात. मग 850-900 अंशांपर्यंत चढायचं, म्हणजे प्रत्येक कणाभोवती क्वार्ट्झच्या घडणीचा स्फटिक वाढतो. पहिला मुक्काम टाळून थेट वर गेलं तर कण थोडेच तयार होतात आणि मोजकेच स्फटिक बेसुमार वाढतात. तुपाचंही असंच: सावकाश निवलं की कणी मोठी, झटकन गार केलं की बारीक. इथे कणी 100 नॅनोमीटरच्याही आत हवी. प्रकाशाच्या लहरीहून ती इतकी लहान की काच पारदर्शकच राहते. काळेपणा येतो तो व्हॅनेडियमसारख्या रंगद्रव्याने. हजार अंशांच्या वर नेली तर स्फटिकांची घडण बदलते, ते मोठे होतात आणि लादी दुधासारखी पांढरी पडते.

1953 च्या सुमाराची कॉर्निंग कंपनीतली गोष्ट सगळेच सांगतात: डोनाल्ड स्टूकी यांची भट्टी 600 ऐवजी 900 अंशांवर गेली, वितळून गेली असेल अशी वाटलेली काच पांढरी होऊन निघाली, हातून पडली, पण फुटली नाही. मला त्यातला योगायोग फारसा महत्त्वाचा वाटत नाही. फ्रान्समध्ये रेओम्यूर यांनी अठराव्या शतकातच बाटल्या वाळू-जिप्समात तापवून काचेत स्फटिक आणले होते. पण ते पृष्ठभागावरून आत वाढले, आणि वस्तू कमजोर निघाली. स्टूकींच्या काचेत चांदीचे कण आधीच सर्वत्र विखुरलेले होते. सगळा फरक तिथे.

मुंबईत तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने याच वाटेने अभ्रकाच्या जातीचे स्फटिक असलेली काच-सिरॅमिक बनवली. ते चपटे स्फटिक एकमेकांत अडकलेले असतात. त्यामुळे चीर लांब धावत नाही, आणि ही वस्तू धातूसारखी लेथवर कातता येते.

सिरुसेरीच्या दक्षिणेला किनाऱ्यावरच्या कल्पाक्कममध्ये मात्र स्फटिक नको असतात. अणुइंधनाचा तीव्र किरणोत्सारी कचरा बोरोसिलिकेट काचेत कोंडतात. ती डब्यात हळूहळू निवताना स्फटिक पडले, तर उरलेल्या काचेची घडण बदलते, कडेने चिरा पडू शकतात आणि पाण्याला आत वाट मिळते. म्हणून तिथे काचेचं मिश्रणच असं ठरवतात की सावकाश निवूनही कणी पडू नये.