पिनबॉल यंत्राचे दोषनिदान : जळालेला रोधक आणि हरवलेली स्मृती

काचेखालील उतरत्या फळीवर पोलादी चेंडू सोडावयाचा, तळाशी असलेल्या दोन पंखांनी तो पुन्हा वर फेकावयाचा आणि वाटेतील अडथळ्यांवर तो आदळेल तसे गुण मिळवावयाचे, असा पिनबॉलचा खेळ आहे. अमेरिकेतील शिकागो शहर हे या यंत्रांच्या निर्मितीचे प्रमुख केंद्र होय. प्रारंभी ही यंत्रे रिले व फिरत्या गुणचक्रांवर चालत. १९७७च्या सुमारास त्यांची जागा मायक्रोप्रोसेसर घेऊ लागला. विल्यम्स कंपनीची ‘गॉर्गर’ (१९७९) व ‘फायरपॉवर’ (१९८०) ही या नव्या पिढीतील नामांकित यंत्रे.

आज चाळिशी उलटलेली ही यंत्रे संग्राहक जतन करीत आहेत. मात्र दुरुस्तीत एक चूक वारंवार घडते. जळालेला रोधक दिसताच तो बदलला जातो व यंत्र पुन्हा सुरू केले जाते. थोड्याच वेळात नवा रोधकही काळवंडतो आणि त्याखालील मूळ सर्किट बोर्ड कोळशासारखा होतो. रोधकाचे जळणे हे बहुधा लक्षण असते. मूळ दोष अन्यत्र असतो.

स्मृतीची रचना

या यंत्रांत दोन प्रकारच्या स्मृती-चिप असतात. खेळाचे नियम कायमस्वरूपी चिपमध्ये नोंदलेले असतात. उच्चांक, नाण्यांचा हिशेब व मालकाने ठरविलेली मांडणी मात्र ५१०१ क्रमांकाच्या छोट्या चिपमध्ये राहते. तिची क्षमता अवघी १०२४ बिट असते. वीज बंद असताना तीन सेल तिला जागती ठेवतात. सेल संपले अथवा चिप निकामी झाली, की यंत्र खेळाऐवजी हिशेबाच्या स्थितीत उघडते.

सेल संपणे ही किरकोळ बाब. परंतु ते पाझरणे घातक ठरते. अल्कलाइन सेलमधील पोटॅशियम हायड्रॉक्साइड बोर्डावर उतरून तांब्याच्या रेषा व चिपची सॉकेटे खाऊन टाकते. मग प्रोसेसर कधी सुरूच होत नाही, तर कधी चालता चालता थांबतो.

रोधक का तापतो

फळीवरील दिवे आठ स्तंभ व आठ ओळींच्या जाळ्यात जोडलेले असतात. प्रोसेसर एका वेळी एकाच स्तंभाला क्षणभर वीज देतो. हे इतक्या वेगाने घडते, की डोळ्यांना दिवे अखंड पेटलेले भासतात. प्रत्येक ओळीत २७ ओहम व २ वॅट क्षमतेचा रोधक असतो. समजा, त्यातून ०.३ अँपिअर प्रवाह गेला, तर सुमारे २.४ वॅट उष्णता निर्माण होते. प्रवाह केवळ एक-अष्टमांश वेळ वाहत असल्याने सरासरी ०.३ वॅटच राहते. परंतु प्रोसेसर थांबून एखादा स्तंभ चालू अवस्थेत अडकला, तर पूर्ण २.४ वॅटचा भार २ वॅटच्या रोधकावर अखंड पडतो. स्मृतीतील बिघाड व रोधकाची उष्णता यांचा संबंध तो हाच.

तपासणीचा क्रम

प्रथम यंत्राची पिन भिंतीतून काढावी व मोठ्या कपॅसिटरमधील वीज उतरू द्यावी. जुने सेल काढून टाकावेत. पाझरलेला भाग सौम्य व्हिनेगरने, नंतर स्वच्छ पाण्याने पुसून पूर्ण वाळवावा.

यंत्र सुरू केल्यावर पहिले मोजमाप ५ व्होल्टच्या पुरवठ्याचे असावे. तो पुरवठा डळमळीत असेल, तर निर्दोष चिपही सदोष भासते. त्यानंतर सॉकेटे आणि प्रोसेसरचा व दिव्यांचा बोर्ड जोडणारा चाळीस पिनांचा जोड तपासावा. चिपचा क्रम त्यापुढे येतो. नवे सेल घालून व मांडणी पुन्हा नोंदवूनही यंत्र विसरत असेल, तरच ५१०१ बदलावी.

रोधकांच्या बाबतीत किती रोधक तापतात, हे पाहणे उद्‌बोधक ठरते. अनेक एकदम तापत असतील, तर प्रोसेसर अथवा स्तंभाचा ट्रान्झिस्टर संशयित होय. एकच तापत असेल, तर त्याच ओळीचा ट्रान्झिस्टर शॉर्ट झालेला असण्याचा संभव अधिक. तोवर यंत्र क्षणभरापेक्षा अधिक काळ चालू ठेवू नये. कारण दूर झाल्यावरच नव्या रोधकाला डाख द्यावा. तो बोर्डापासून किंचित उंच बसविल्यास खालून हवा खेळते. अधिक वॅटचा रोधक जास्त काळ टिकेल. पण उष्णता तेवढीच राहील व मूळ दोषही जाणार नाही.

शेवटी, सेल बोर्डापासून दूर वेगळ्या डबीत बसवावेत व दरवर्षी बदलावेत. अल्प खर्चाची ही दक्षता मूळ बोर्ड वाचविते. दीर्घकाळ वापरात नसलेल्या कोणत्याही विद्युत् उपकरणातून सेल वेळीच काढून ठेवण्याचा नियमही याच अनुभवातून समजतो.