सात टक्के की बावीस?

नाशिक जिल्ह्याचा पसारा १५,५३० चौरस किलोमीटर. जमैका हा अख्खा देश यात मावतो, आणि उरलेल्या जागेत मॉरिशस दोनदा बसवता येतो. इगतपुरीच्या धुवाधार पावसापासून मालेगाव-येवल्याच्या कोरड्या माळापर्यंत पसरलेल्या या मुलखात जंगल किती, असं विचारलं की दोन आकडे पुढे येतात. शेती-महसुलाच्या तक्त्यांत वनांखालचं क्षेत्र सुमारे ३,४०० चौरस किलोमीटर आहे, म्हणजे जवळजवळ बावीस टक्के. भारतीय वन सर्वेक्षण हीच जमीन उपग्रहातून पाहतं तेव्हा त्याला अकराशेच्या आसपास चौरस किलोमीटरच दिसतात. सात टक्के. दोन्ही आकडे सरकारी आणि दोन्ही आपापल्या जागी बरोबर. फरक तेवीसशेचा, म्हणजे एका मॉरिशसहून जास्त. खरं तर तो याहूनही मोठा असणार, कारण उपग्रहाला दिसणारी काही झाडी मालकीच्या जमिनीतली, बांधावरची असते.

मग कागदावरचं ते जंगल गेलं कुठे? काही ठिकाणी उघडे डोंगर आहेत. काही ठिकाणी मुळातच गवताळ माळ आहे. येवल्याजवळच्या ममदापूरचं काळवीट त्याच माळावर जगतं, तिथे झाडं नसणं हा दोष नव्हे. आणि सुरगाणा, पेठ, दिंडोरी, कळवण भागात यातली बरीच जमीन कोकणा, महादेव कोळी, वारली कुटुंबं पिढ्यान्पिढ्या कसत आली आहेत. तिथे नागली-वरई उभी असते आणि कागदावर वन असतं. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईला सुमारे १८० किलोमीटर पायी गेलेल्या हजारो शेतकऱ्यांची एक मुख्य मागणी हीच होती: २००६च्या वनहक्क कायद्याप्रमाणे कसती जमीन आमच्या नावावर करा. सात आणि बावीस यांच्या मधल्या जागेत माणसं राहतात, हे टक्केवारी सांगत नाही.

आता सात टक्के कसे मोजतात ते पाहू. या मोजणीसाठी वापरलेल्या उपग्रहाच्या कॅमेऱ्याला जमीन साडेतेवीस मीटरच्या चौकटींत दिसते. एक चौकट साधारण ५५० चौरस मीटरची. नाशिक जिल्हा म्हणजे अशा २ कोटी ८१ लाख चौकटी! एक हेक्टर किंवा त्याहून मोठ्या तुकड्यावर किमान दहा टक्के सावली झाडांची असली की तो तुकडा ‘वनाच्छादित’. जमीन कोणाची, झाडं कुठली, याला महत्त्व नाही. दहा मीटर व्यासाची सावली देणाऱ्या आंब्याखाली सुमारे ७८ चौरस मीटर जागा झाकली जाते. म्हणजे अडीच एकरांत असे तेरा आंबे असले की हिशेबापुरतं जंगल झालं. रत्नागिरी जिल्ह्यात सरकारी वनजमीन नावापुरतीच, तरी वनाच्छादन निम्म्याच्या घरात, ते यामुळे. आपल्या सात टक्क्यांतही बहुतांश भाग विरळ आहे. क्षेत्रफळाने नाशिकहून किंचित लहान असलेल्या गडचिरोलीत हाच आकडा दोन तृतीयांशाच्या वर जातो.

अशी तिहेरी मोजणी पाहायची असेल तर मॉरिशसच पाहावं. डच १५९८ मध्ये उतरले तेव्हा ते बेट जवळपास संपूर्ण जंगलाने झाकलेलं होतं. आधी आबनूस तोडला गेला, मग उसासाठी रानं साफ झाली. पुढे रत्नागिरी-सावंतवाडीकडची मराठी माणसं मुंबई बंदरातून कंत्राटी मजूर म्हणून गेली ती याच उसात. १७६९ मध्ये पिएर प्वाव्र या फ्रेंच प्रशासकाने जमीनधारकांना चौथा हिस्सा जंगल राखायला सांगितलं होतं. आज सरकारी हिशेबात बेटाचा साधारण चौथा हिस्सा वनांखाली आहेच, म्हणजे प्वाव्रचा आकडा पाळला गेला म्हणायचा! संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेच्या व्याख्येने पाहिलं तर तो पाचव्या हिश्श्यावर येतो. आणि चांगल्या स्थितीतलं मूळचं जंगल दोन टक्क्यांहून कमी, म्हणजे सदतीस चौरस किलोमीटरसुद्धा नाही. नाशिक महापालिकेच्या २५९ चौरस किलोमीटर हद्दीत तेवढी सात जंगलं बसतील. बाकी पाइन, निलगिरी आणि चिनी पेरूचं रान. आपल्याकडची घाणेरी आणि गिरिपुष्प त्यांचे भाऊबंदच.

आकड्यांचा सर्वांत मोठा तमाशा मात्र वृक्षलागवडीत. महाराष्ट्राने २०१६ मध्ये २ कोटी, पुढे ४ कोटी, १३ कोटी आणि २०१९ मध्ये ३३ कोटी झाडं लावण्याचं उद्दिष्ट ठेवलं. एकूण ५२ कोटी. तीन मीटर अंतराने एका हेक्टरात साधारण १,१०० रोपं बसतात. त्या हिशेबाने ५२ कोटींना ४,७०० चौरस किलोमीटर जागा हवी. नाशिकच्या कागदावरच्या सगळ्या जंगलाहून जास्त! २०१९ ते २०२१ या दोन अहवालांदरम्यान राज्याचं वनाच्छादन वाढलं ते २० चौरस किलोमीटरने. रोप उपग्रहाला दिसायला काही वर्षं लागतात, बरीचशी रोपं रस्त्याकडेला आणि अंगणात लागतात, हे मान्य. तरीही ४,७०० आणि २० ही तफावत निव्वळ वयाची आहे, हे मला पटत नाही.

सिंहस्थाच्या साधुग्रामासाठी तपोवनातली सतराशे-अठराशे झाडं तोडण्याचा विषय २०२५च्या अखेरीस निघाला आणि शहर रस्त्यावर उतरलं. ती सगळी गेली असती तरी जिल्ह्याचे सात टक्के सातच राहिले असते. म्हणून शहराचं जंगल टक्क्यांत मोजू नये, झाडांत मोजावं. महाराष्ट्राच्या १९७५च्या वृक्ष संरक्षण कायद्यानुसार दर पाच वर्षांनी शहरातल्या झाडांची गणना करायची असते. ती यादी महापालिकेकडे मागा, आणि आपल्या प्रभागाचं पान स्वतः तपासा.