गदक्याचे चामडे, तलवारीचा फोम

पनवेलजवळच्या शिरढोणचे वासुदेव बळवंत फडके पुण्यात लहुजी वस्तादांच्या तालमीत शस्त्रविद्या शिकले. आपल्या तालमींत तलवारीच्या सरावाला गदका असे, म्हणजे चामड्याने मढवलेली काठी. मुलांसाठी फोमची तलवार करताना तेच करायचे, फक्त थर जाड हवा. का?

काठीच्या लागणाऱ्या भागाचे वस्तुमान २०० ग्रॅम आणि वेग सेकंदाला ६ मीटर धरू. ऊर्जा झाली ३.६ ज्यूल. ती २ मिलिमीटरमध्ये संपली तर सरासरी बल १८०० न्यूटन. फोम २ सेंटिमीटर दबला तर १८० च!

खरा धोका टोकाचा. डोळ्याची खोबण सुमारे ४ सेंटिमीटर रुंद असते. टोक त्याहून बरेच जाड ठेवा. वापराने फोम बसतो. खेळाआधी टोक दाबून पाहा. आतली काठी बोटाला लागली तर तलवार बाद.