क्रांतिकारकाचे कृषिविज्ञान : डॉ. पांडुरंग खानखोजे

मेक्सिकन गव्हाचे बियाणे १९६६ मध्ये भारतात मोठ्या प्रमाणावर आले, हे हरितक्रांतीच्या प्रकरणात आपण शिकवितो. त्याच मेक्सिकोत नॉर्मन बोरलॉग १९४४ साली पोहोचले, त्याच्या वीस वर्षे आधी विदर्भातील एक परागंदा क्रांतिकारक तेथे शेतीशास्त्र शिकवू लागला होता, याचा उल्लेख मात्र क्वचितच होतो.

पांडुरंग सदाशिव खानखोजे मूळचे वर्ध्याचे. लोकमान्य टिळकांच्या प्रेरणेने ते लष्करी शिक्षण मिळविण्यासाठी जपानमार्गे अमेरिकेला गेले. तेथे त्यांनी शेतीशास्त्राची पदवीही संपादन केली. गदर पक्षाच्या उभारणीत (१९१३) त्यांचा वाटा होता. पहिल्या महायुद्धात ते इराणात जाऊन स्थानिक टोळ्यांसह इंग्रजांशी लढले. युद्धानंतर मायदेशाचे दार बंदच राहिले. अखेर १९२४ मध्ये त्यांनी मेक्सिको गाठले.

त्यांच्या आयुष्याचा खरा विचारणीय भाग येथून सुरू होतो. चापिंगो येथील राष्ट्रीय कृषी विद्यालयात अध्यापन करीत त्यांनी मक्याचा टिओसिंटे या रानटी आप्ताशी संकर साधला आणि गहू, कडधान्ये यांवरही संशोधन केले. मात्र प्रयोगशाळेतील यश गरीब शेतकऱ्याच्या बांधापर्यंत न्यावयाचे, तर शाळाच त्याच्याकडे गेली पाहिजे, हे त्यांनी ओळखले. भूमिहीनांना नुकत्याच जमिनी मिळत असलेल्या त्या देशात त्यांनी मोफत कृषिशाळा चालविल्या. क्रांतिकारकाची संघटनशक्ती येथे वाया गेली नाही, असे प्रस्तुत लेखकास वाटते. चित्रकार दिएगो रिव्हेरा यांनी शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर भाकरी वाटणाऱ्या पुरुषाच्या रूपात त्यांना रंगविले. राज्यकर्त्यांना नव्हे, एका परदेशी अध्यापकाला मिळालेला हा मान होय!

स्वातंत्र्यानंतर १९४९ मध्ये शेतीविषयक सल्ल्यासाठी त्यांना नागपूरला बोलावण्यात आले, तेव्हा ब्रिटिशांच्या काळ्या यादीतील त्यांचे नाव तसेच होते. परवाना त्यामुळे अडला. ज्या सत्तेशी ते लढले ती निघून गेली, तिची नोंदवही मात्र राहिली. पुढे ते कुटुंबासह नागपुरास स्थायिक झाले व २२ जानेवारी १९६७ रोजी तेथेच निवर्तले.

त्या वेळी नागपूरच्या सरकारचा अंमल वऱ्हाडावरही होता. वाशीम तेव्हा अकोला जिल्ह्यात मोडत असे आणि जऊळक्याचे शिवारही त्याच प्रांतात होते. आज या शिवारात सोयाबीन व तूर उभी असते आणि पावसाने ओढ दिली की शेतकरी आभाळाकडे पाहतो. कमी पाण्यात तग धरणारे वाण हाच तर खानखोज्यांचा एक अभ्यासविषय होता. त्याचा लाभ मेक्सिकोच्या शेतकऱ्याला झाला. येथे ते परतले तेव्हा सत्तरीला टेकले होते.