विद्यार्थिनींचें मातृत्व आणि विद्यापीठाचा हजेरीपट

शिकत असतां एखादी विद्यार्थिनी गरोदर राहिली, म्हणजे तिच्यापुढें पहिली अडचण येते ती हजेरीची. नोकरदार स्त्रियांसाठीं प्रसूतिरजेचा कायदा १९६१ सालीं झाला. परंतु विद्यार्थिनी ही कोणाचीच नोकर नसल्यामुळें त्याचा आधार तिला मिळत नाहीं. विद्यापीठ अनुदान आयोगानें २०१६ च्या नियमांत पीएच. डी. करणाऱ्या स्त्रियांस संपूर्ण अभ्यासकाळांत एकदां २४० दिवसांपर्यंत रजेची सोय केली. पदवी व पदव्युत्तर वर्गांच्या बाबतींत मात्र डिसेंबर २०२१ मध्यें पत्र पाठवून, रजेचे व हजेरीच्या सवलतीचे नियम विद्यापीठांनीं आपापले करावे, एवढेंच सुचविलें. पत्राला नियमाचें बळ कोठून येणार? एम. एड. च्या एका विद्यार्थिनीस अशा रजेसाठीं दिल्लीच्या उच्च न्यायालयांत जावें लागलें. शिक्षण आणि मातृत्व यांपैकीं एकच निवडण्याची सक्ति नागरिकावर करतां येत नाहीं, अशा आशयाचा निर्णय देऊन न्यायालयानें मे २०२३ मध्यें तिच्या अर्जाचा फेरविचार करविला. रजेनंतरचे प्रश्न निराळेच : अंगावर पिणारें मूल घरीं ठेवून प्रयोगशाळेचे तास गांठावयाचे कसे? पाळणाघराला जागा व पैसा लागतो, हें खरें. बुडालेलें प्रात्यक्षिक पुन्हां करूं देण्यास मात्र प्राध्यापकाची एक दुपार पुरते.